संरक्षित रानात क्रीडास्पर्धा भरवाव्यात का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी डोंगरवाटांवर धावतो आणि स्पर्धांच्या मार्गावर स्वयंसेवक म्हणून उभाही राहतो. त्यामुळे दोन्हीकडची माणसं मला विचारत असतात. धावणारे म्हणतात, ‘आम्ही पायीच तर जातो, एवढा विरोध कशाला?’ रानावर जीव असणारे म्हणतात, ‘तिथेही घड्याळ लावून पळायचं का?’ पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जिथे दुसऱ्या उत्तराशी संबंध आहे तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. संरक्षित रान म्हणजे नेमकं काय? राष्ट्रीय उद्यान, अभयारण्य, राखीव क्षेत्र हे सगळं एकच ना?

नाही, आणि बरीचशी भांडणं या गोंधळातूनच सुरू होतात. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने (आययूसीएन) संरक्षित क्षेत्रांचे प्रकार पाडले आहेत. पहिल्या प्रकाराचे दोन भाग आहेत. ‘एक-अ’ म्हणजे कडक राखीव क्षेत्र, जिथे माणसाचा वावर अगदी मोजका असतो. ‘एक-ब’ म्हणजे मोठं, फारसं न बदललेलं, मोठी कायमची वस्ती नसलेलं रान. दुसरा प्रकार राष्ट्रीय उद्यानांचा. तिथे निसर्ग जपायचा असतो आणि लोकांनी तो पाहायचाही असतो. पाचव्या आणि सहाव्या प्रकारांत माणसांचा वावर आणि निसर्गाचा वापर गृहीतच धरलेला आहे.

नुसत्या नावावर जाऊ नका. स्विस राष्ट्रीय उद्यान नावाने ‘उद्यान’ आहे, पण वर्गाने ‘एक-अ’. १९१४ पासून तिथे कडक संरक्षण आहे: वाट सोडायची नाही, कुत्रा साखळीला बांधूनही न्यायचा नाही, हिवाळ्यात आत जायचंच नाही. उलट फिनलंडने १९९१ च्या कायद्याने लॅपलंडमध्ये १२ रानप्रदेश राखले, आणि तिथल्या सामी या मूळनिवासी लोकांची पारंपरिक उपजीविका टिकवणं हा त्या कायद्याच्या हेतूंपैकीच एक आहे.

या पानावर ‘रान’ म्हटलं की ‘एक-अ’, ‘एक-ब’ आणि उद्यानांचा गाभा, म्हणजे आतला सगळ्यात जपलेला भाग, एवढंच समजा.

२. आम्ही दहा मित्र मिळून एका रविवारी डोंगरावर धावलो. ती स्पर्धा झाली का?

साधारणपणे नाही. तारीख जाहीर झाली, नावनोंदणी झाली, मार्ग आखला गेला, वेळ मोजून क्रम लावला गेला, की ती आयोजित स्पर्धा होते. प्रवेशशुल्क, बिब (छातीवर लावायचा क्रमांक), पाण्याची ठिकाणं आणि प्रायोजकांचे फलक हे त्यामागून येतात.

अमेरिकेतल्या सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या भूव्यवस्थापन विभागाची व्याख्या मला उपयोगी वाटते. दोन किंवा अधिक जण चढाओढ करत असतील आणि त्यासाठी नोंदणी असेल किंवा मार्ग आधी ठरलेला असेल, तर तो स्पर्धात्मक वापर. बक्षीस आहे की नाही याला त्यात महत्त्व नाही. त्याच व्याख्येत एक शेपूट आहे, ते एकट्या विक्रमवीरांना लागू पडतं. त्याबद्दल प्रश्न १४ पाहा.

३. गोलमोल बोलू नका. तुमचं मत हो की नाही?

रानाच्या गाभ्यात नाही. रानाच्या सीमेबाहेर, आधीच रस्ते आणि वावर असलेल्या भागात, अटींवर हो.

माझं मुख्य कारण तारखेशी जोडलेलं आहे. स्पर्धेची तारीख वर्षभर आधी ठरते आणि मग ती हलत नाही. रानात मात्र या वर्षी गरुडाने वाटेवरच्याच कड्यात घरटं केलेलं असतं, बर्फ उशिरा वितळलेलं असतं, पाऊस दहा दिवस आधी येऊन वाटेचा चिखल झालेला असतो. एकट्या पायी माणसाला वनरक्षक नाक्यावर सांगू शकतो, ‘आज नको, पुढच्या आठवड्यात या.’ तीनशे जणांनी पैसे भरलेत, तिकिटं काढलीत, प्रायोजकाचं नाव कमानीवर लागलंय, अशा वेळी त्याच वनरक्षकाला ‘आज नको’ म्हणणं जवळजवळ अशक्य होतं. कुणालाही, कधीही ‘आज नको’ म्हणता येणं, हीच संरक्षणाची खरी ताकद आहे. स्पर्धा नेमकी तीच काढून घेते.

४. वर्षभरात हजारो लोक त्याच वाटेने चालतात. मग एका दिवसापुरते दोनशे धावणारे का खुपतात?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि तो रास्त आहे. चालणाऱ्यांमुळेही हानी होते. काही ठिकाणी चालणाऱ्यांची संख्या मर्यादित करायला हवी, आणि तसं बोलायची माझी तयारी आहे. पण दोनशे चालणारे आणि दोनशे स्पर्धक यांचा हिशेब एक नाही.

चालणारे दिवसभर, आठवडाभर विखुरलेले असतात. स्पर्धक एका तासाच्या आत एकाच वाटेवर, एकाच दिशेने सुटतात. दोन माणसांच्या मधल्या रिकाम्या वेळात हरणाला पाणवठ्यावर येता येतं. स्पर्धेत ही रिकामी वेळ उरतच नाही. चालणाऱ्याला वाटेत साप दिसला तर तो थांबतो, समोरून कुणी आलं तर बाजूला होतो. स्पर्धकाला थांबण्याची किंमत मोजावी लागते, म्हणून तो पुढच्याला ओलांडताना वाट सोडतो. यात त्याचा स्वभाव वाईट असतो असं नाही. घड्याळ सुरू असलं की मीही तसाच वागलो आहे.

शिवाय स्पर्धा म्हणजे फक्त धावणारे नव्हेत. आदल्या दिवशी खुणा लावणारे, पाणी वाहून नेणारे, वैद्यकीय पथक, छायाचित्रकार, स्पर्धकांचे घरचे, आणि नंतर सगळं आवरणारे असा मोठा लवाजमा येतो. मोजदाद करताना तो धरत नाहीत.

आणखी एक गोष्ट, जी आकड्यात बसत नाही. अमेरिकेच्या १९६४ च्या रान कायद्याने रानाच्या व्याख्येतच एकांताची किंवा साध्या, बंधनमुक्त भटकण्याची उत्तम संधी असणं हे गुण लिहून ठेवले आहेत. तिथे शांतपणे आलेल्या एका माणसाचाही त्या दिवसावर हक्क आहे. त्याने तीनशे बिबांना वाट करून देत कडेला उभं राहावं, असं ठरवण्याचा अधिकार संयोजकाला कुणी दिला?

५. प्राण्यांना खरंच त्रास होतो याचा पुरावा आहे का, की नुसती भावना?

पुरावा आहे. २०१६ मध्ये जगभरातल्या २७४ शोधनिबंधांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यातल्या ९३ टक्के निबंधांत माणसाच्या विरंगुळ्याचा प्राण्यांवर निदान एक तरी परिणाम नोंदला होता, आणि नोंदलेल्या परिणामांपैकी ५९ टक्के नकारात्मक होते. मोटार नसलेल्या प्रकारांबाबतही असे नकारात्मक परिणाम भरपूर आढळले. ‘आम्ही तर पायी जातो’ हा बचाव म्हणूनच पुरेसा ठरत नाही.

एक प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेतल्या कोलोराडोमध्ये एल्क जातीच्या हरणांच्या माद्या विण्याच्या दिवसांत असताना संशोधकांनी मुद्दाम पायी जाऊन त्यांना वारंवार उठवलं. त्या कळपात दर मादीमागे पिल्लांचं प्रमाण घटलं. तिथे कुणीही प्राण्यांना हात लावला नव्हता, नुसते पायी गेले होते. ओरेगनमधल्या स्टार्की या प्रयोगक्षेत्रात चार चाकांची, मोटारसायकलसारखी वाहनं, डोंगरी सायकली, चालणारे आणि घोडेस्वार यांची तुलना झाली. एल्क सगळ्यात दूर पळाली ती वाहनांपासून, त्याखालोखाल सायकलींपासून. म्हणजे वेग आणि अचानकपणा महत्त्वाचा आहे.

हिवाळा हा तर वेगळाच विषय. आल्प्समध्ये ब्लॅक ग्राउस हा पक्षी बर्फात बीळ करून थंडी काढतो. बर्फावरचे खेळ जिथे जास्त, तिथे या पक्ष्यांच्या शरीरात ताणाची संप्रेरकं जास्त आढळली. थंडीत प्रत्येक उड्डाण साठवलेल्या चरबीतून होतं, आणि ती चरबी पुन्हा भरून निघायला खाणं मिळत नाही.

६. वाट आधीच मळलेली आहे. तिचं आणखी काय बिघडणार?

इथे धावणाऱ्यांच्या बाजूने बोलायला हवं. पायवाटांच्या अभ्यासातून एक गोष्ट पक्की झाली आहे: सगळ्यात जास्त नुकसान पहिल्या काही पावलांत होतं. कोऱ्या गवतावरून थोडी माणसं गेली तरी गवत झपाट्याने मरतं, माती दबते. नंतर तितकीच माणसं गेली तर भर कमी कमी पडत जाते. त्यामुळे कोरड्या, दगडी, पक्क्या झालेल्या वाटेवर एक दिवसाची स्पर्धा जमिनीला फारसं काही करत नाही.

पण हाच नियम उलट्या बाजूने चावतो. ओलांडण्यासाठी वाटेच्या कडेला पडलेली पावलं कोऱ्या जमिनीवर पडतात. नागमोडी वळण तोडून केलेली आडवाट पुढच्या पावसात ओघळ होते. चिखलात प्रत्येक जण कोरडी कडा शोधतो आणि हातभर वाट गाडीवाटेएवढी होते. एका स्पर्धेनंतर मी मार्ग आवरायला गेलो होतो, तेव्हा एका दलदलीच्या जागी मूळ वाट कोणती हेच ओळखू येत नव्हतं. पाऊस आदल्या रात्री पडला होता. तारीख मात्र सहा महिन्यांपूर्वी ठरली होती.

७. बुटांमधून रोग पसरतो म्हणे. हे जरा अतीच वाटतं.

अती नाही. न्यूझीलंडमधली कौरी ही प्रचंड, दीर्घायुषी झाडं मुळांना लागणाऱ्या एका सूक्ष्मजीवाने मरत आहेत, आणि तो बुटांना चिकटलेल्या मातीतून एका झाडाकडून दुसऱ्याकडे जातो. ऑकलंडजवळच्या वायटाकेरे डोंगरातल्या जंगलावर तिथल्या माओरी समाजाने २०१७ च्या अखेरीस प्रवेशबंदीची पारंपरिक आण घातली, आणि २०१८ मध्ये महापालिकेने बहुतेक जंगलवाटा बंद केल्या. ऑस्ट्रेलियातही याच कुळातला दुसरा रोग झाडंझुडपं मारतो. म्हणून वाटांच्या तोंडाशी बूट घासायचे ब्रश आणि जंतुनाशकाची सोय असते. स्पर्धांमुळे हा धोका वाढतो, कारण स्पर्धक दर महिन्याला वेगळ्या डोंगरावर धावतात, बऱ्याचदा त्याच बुटांत. तणांच्या बियाही तशाच प्रवास करतात.

रोगराई उलट दिशेनेही येते. २००० मध्ये बोर्निओतल्या साबा इथे झालेल्या एका साहसी शर्यतीनंतर कितीतरी स्पर्धक लेप्टोस्पायरोसिसने आजारी पडले. संसर्गाचा माग सेगामा नदीच्या पाण्यापर्यंत गेला.

८. कायदा काय सांगतो?

देशागणिक वेगळं. सगळ्यात स्पष्ट लिहिलेला कायदा अमेरिकेचा. ३ सप्टेंबर १९६४ रोजी रान कायद्यावर सही झाली. जाहीर झालेल्या रानात कायमचे रस्ते आणि व्यापारी उद्योग चालत नाहीत. मोटारी, यंत्रं, यांत्रिक वाहनं, विमान उतरवणं आणि बांधकामं यांनाही मोजके अपवाद सोडून बंदी आहे. ‘धावण्याची स्पर्धा’ हे शब्द मूळ कायद्यात नाहीत. ते खाली, अंमलबजावणीच्या नियमांत आले. भूव्यवस्थापन विभागाच्या नियमांत रानातल्या स्पर्धात्मक वापराला, पायी शर्यतींसकट, सरळ मनाई आहे. वनसेवेचं धोरणही असंच आहे.

जपानमध्ये पर्यावरण मंत्रालयाने २०१५ मध्ये राष्ट्रीय उद्यानांतल्या ट्रेल (डोंगरवाटांवरच्या) शर्यतींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सरसकट बंदी घातली नाही. नाजूक आणि अतिसंरक्षित पट्टे टाळून मार्ग आखावा, असा त्यांचा रोख आहे. मला हा मधला मार्ग प्रामाणिक वाटतो, फक्त ‘नाजूक’ कोणतं हे संयोजकाने ठरवता कामा नये.

९. आणि भारतात?

१९७२ चा वन्यजीव (संरक्षण) कायदा उघडून कलम २७ आणि २८ वाचा. कलम २७ ने अभयारण्यात कोण जाऊ शकतो ते बांधून दिलं आहे. कलम २८ मध्ये प्रवेशाचा परवाना कोणत्या कारणांसाठी मिळू शकतो याची यादी आहे: वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण (२०२२ च्या दुरुस्तीने अधिवासाला धक्का न लावता चित्रीकरणही), शास्त्रीय संशोधन, पर्यटन, आणि आत राहणाऱ्या माणसाशी कायदेशीर व्यवहार. राष्ट्रीय उद्यानांनाही ही कलमं लागू होतात.

या यादीत क्रीडास्पर्धा नाही. संयोजक ती ‘पर्यटना’त बसवतात, आणि काही वेळा परवानगी मिळतेही. माझ्या मते हा शब्द ताणणं आहे. पर्यटक वन्यजीव पाहायला येतो. ज्याला मागच्या तुकडीपेक्षा चार मिनिटं आधी पोहोचायचंय तो कशासाठी आलाय हे उघड आहे.

आणखी एक पळवाट: कलम २७ नुसार अभयारण्यातून जाणाऱ्या सार्वजनिक महामार्गावरून जाणाऱ्याला परवाना लागत नाही. म्हणून रस्त्यावरच्या धावण्याच्या किंवा सायकलच्या स्पर्धा ‘आम्ही तर रस्त्यावरच आहोत’ म्हणतात. रस्त्यावरून जाण्याची सवलत प्रवासासाठी आहे, कार्यक्रम भरवण्यासाठी नाही, असं मी वाचतो. व्याघ्र प्रकल्पांत तर राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांनी नेहमीचं पर्यटनही गाभ्याच्या २० टक्क्यांच्या आत ठेवायला सांगितलं आहे. जिथे गाडीत गप्प बसून पाहणाऱ्यालाही एवढी मर्यादा आहे, तिथे शर्यतीचा विषय निघूच नये.

१०. मग कितीतरी राष्ट्रीय उद्यानांत स्पर्धा होतात त्या कशा?

राष्ट्रीय उद्यान आणि रान एक नाही म्हणून (प्रश्न १). न्यूझीलंडच्या फिओर्डलँड राष्ट्रीय उद्यानात केप्लर वाटेवर १९८८ पासून ६० किलोमीटरची शर्यत होते. ती एका बांधलेल्या, देखभालीतल्या वाटेवर असते. नेपाळच्या सगरमाथा राष्ट्रीय उद्यानात दरवर्षी २९ मे रोजी एव्हरेस्टच्या तळछावणीपासून नामचेपर्यंत मॅरेथॉन होते. ती वाट नेहमीच्या रहदारीची, वस्त्यांमधून जाणारी आहे. या दोन्हींना मी ‘रानात घुसलेली स्पर्धा’ म्हणणार नाही. प्रश्न संख्येचा आणि ऋतूचा राहतो, तत्त्वाचा नाही.

मला सगळ्यात आवडतं ते उदाहरण स्वित्झर्लंडमधलं. तिथे राष्ट्रीय उद्यानाच्या नावानेच सायकल मॅरेथॉन होते, पण मार्ग उद्यानाला वळसा घालून जातो. डोंगर तोच, नजारा तोच, आणि आतली हरणं त्यांच्या जागी.

११. वेस्टर्न स्टेट्स ही शंभर मैलांची प्रसिद्ध शर्यत तर रानातूनच जाते. तिला सूट का?

कारण ती आधी आली. कॅलिफोर्नियातल्या त्या मार्गावर १९५५ पासून घोड्यांची शर्यत होत होती. १९७४ मध्ये एक जण तीच वाट घोड्याविना, पायी धावला, आणि त्यातून आजची धावण्याची शर्यत उभी राहिली. मार्गाचा एक छोटा तुकडा ज्या भागातून जातो तो ग्रॅनाइट चीफ प्रदेश १९८४ मध्ये रान म्हणून जाहीर झाला. शर्यत चालू राहिली, पण गोठवलेल्या आकड्यावर: साधारण ३६९ धावपटू. जगभरातून हजारो अर्ज येतात, सोडत निघते, आकडा फारसा हलत नाही.

या अपवादाविरुद्ध मी नाही. माणसांनी एखाद्या जागेशी जुनं नातं जोडलेलं असेल तर नवीन रेषा आखताना ते पुसून टाकू नये. पण त्याचा आधार घेऊन ‘त्यांना चालतं मग आम्हाला का नाही’ म्हणणाऱ्यांनी दोन गोष्टी पाहाव्यात. संरक्षण आधी आणि स्पर्धा नंतर, अशी तुमची स्थिती आहे का? आणि कायमचा गोठवलेला आकडा तुम्ही मान्य कराल का?

१२. स्पर्धेच्या पैशावर संवर्धन चालतं. ते नको का?

हवं. केनियातल्या लेवा या वन्यजीव संवर्धन क्षेत्रात २००० पासून मॅरेथॉन होते. गेंडे आणि ग्रेव्हीचे झेब्रे असलेल्या माळावरून लोक धावतात, आणि जमलेला पैसा संवर्धन, शाळा, आरोग्य अशा कामांना जातो. आसपासच्या समाजाचा त्यात वाटा आहे. माझ्या दृष्टीने हा सगळ्यात कठीण प्रतिवाद आहे, आणि मी तो टाळत नाही.

पण तिथे धावणाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी सशस्त्र रक्षक आणि वरून हेलिकॉप्टर लागतं. ज्या क्षेत्राचं व्यवस्थापन कुंपण, गस्त आणि पाहुण्यांभोवती उभं आहे तिथे हे एका दिवसापुरतं पेलतं. ज्याला आपण रान म्हणतो, तिथे तेच हेलिकॉप्टर मूळ हेतूच्या विरुद्ध जातं. शिवाय एक व्यवहाराची गोष्ट: पैसा रानासाठी जमवायचा असेल तर तो रानाबाहेर धावूनही जमतो. देणगीदाराला गेंड्यासाठी पैसे द्यायचे असतात, गेंड्याच्या अंगणातून पळायला मिळालं नाही म्हणून तो पाठ फिरवत असेल तर त्याची आस्था कशावर होती?

संयोजक ‘उत्पन्नाचा काही भाग’ म्हणतात तेव्हा किती, कुणाला आणि कधी, हे लेखी मागा.

१३. आत काही झालं तर वाचवायला कोण येतं?

बहुतेक वेळा तेच मोजके वनरक्षक, ज्यांचं त्या दिवशीचं खरं काम दुसरं असतं.

२२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात, पीत नदीच्या काठच्या शिलावन परिसरात १०० किलोमीटरची शर्यत सुरू होती. १७२ जण सुटले. दुपारी उंचावरच्या टप्प्यात अचानक गारपीट, थंड पाऊस आणि वादळी वारा आला. तो चढ असा होता की तिथे गाडी पोहोचत नव्हती. २१ धावपटू मेले, मुख्यतः थंडीने गारठून. रात्रभर शेकडो बचावकर्मी डोंगर पालथा घालत होते. काहींना तिथल्या एका मेंढपाळाने आपल्या आसऱ्याच्या गुहेत नेऊन वाचवलं.

आता हेच एखाद्या रानाच्या गाभ्यात घडलं असं समजा. हेलिकॉप्टर उतरवावंच लागेल, वाटा तुडवाव्याच लागतील, आणि कुणीही, मीसुद्धा, त्याला विरोध करणार नाही. जिथे माणसं वाचवण्यासाठी रान मोडावं लागेल, तिथे शेकडो जणांना एकदम पाठवण्याआधीच विचार करायला हवा.

१४. स्पर्धा नाही, संयोजक नाही, मी एकटाच विक्रमी वेळ नोंदवतोय. याला कुणाचा आक्षेप?

प्रश्न २ मध्ये म्हटलेलं शेपूट हेच: अमेरिकेच्या त्या व्याख्येत वेगाचा किंवा सहनशक्तीचा प्रस्थापित विक्रम मोडायला निघालेली एकटी व्यक्तीही ‘स्पर्धात्मक वापरा’त मोडते. प्रत्यक्षात एकट्या माणसाला कुणी क्वचितच अडवतं, आणि त्याने होणारा त्रास एका झपाझप चालणाऱ्याएवढाच असतो.

मला काळजी आहे ती त्यानंतरची. धावण्याच्या ॲपवर एखाद्या वाटेचा तुकडा नोंदला की तिथे कायमची, तारीख नसलेली शर्यत सुरू होते. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या ग्रँड टीटन शिखरावर एका धावपटूने विक्रम करताना बंद केलेली आडवाट वापरली. त्याच्यावर खटला चालला, आणि असे विक्रम नोंदवणाऱ्या संकेतस्थळानेही ती वेळ मान्य केली नाही. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटली. धावणाऱ्यांनीच आपल्या माणसाला ‘ही वेळ धरणार नाही’ म्हटलं. बंद वाटांवरचे तुकडे ॲपवर दिसले तर कळवा. ते काढून टाकायची सोय असते.

१५. सायकली, घोडे, मोटारी, ड्रोन?

मोटारींबद्दल बोलायलाच नको. अमेरिकन रानात सायकलही ‘यांत्रिक वाहन’ म्हणून बंद आहे, घोडा चालतो. सायकलवाल्यांना हा अन्याय वाटतो आणि घोड्याच्या खुरांनी होणारी झीज पाहता त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. ड्रोनवर अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत २०१४ पासून बंदी आहे. स्पर्धेचं चित्रीकरण करणाऱ्यांनी ते जरूर ध्यानात घ्यावं: घरट्यावर बसलेल्या शिकारी पक्ष्याला वरून आलेली वस्तू हल्लाच वाटते.

१६. ऑलिंपिकसारखा राष्ट्रीय मानाचा कार्यक्रम असेल तरी विरोध का?

तिथे तर जास्तच, कारण मोठ्या कार्यक्रमापुढे कायदाच वाकतो. दक्षिण कोरियात २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकच्या स्की शर्यतींसाठी गारीवांग डोंगरावरचं संरक्षित जुनं जंगल तोडलं गेलं. हजारो झाडं गेली, काही दिवसांच्या शर्यतींसाठी. खेळ संपल्यावर डोंगर पूर्ववत करू असं वचन होतं. नंतर केबलगाडी पर्यटनासाठी ठेवावी की काढावी यावरच वाद सुरू झाला. जुनं जंगल ‘पूर्ववत’ करण्याला शतकं लागतात, आणि एवढ्या मुदतीचं वचन देणारा माणूस ते पाळायला हजर नसतो.

१७. रानात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या लोकांच्या स्वतःच्या शर्यती असतील तर?

तो त्यांचा प्रश्न आहे आणि निर्णयही त्यांचा. सणाला किंवा विधीला जोडलेली धाव आणि बाहेरून आलेल्या संयोजकाची स्पर्धा यांना एकच नियम लावणं अन्यायाचं होईल. मात्र उलटही घडतं: बाहेरचा संयोजक गावातल्या चार जणांना पुढे करून ‘ही स्थानिक परंपरा आहे’ म्हणतो. निर्णय कुणी घेतला, तो ग्रामसभेत झाला का, आणि नकार दिला असता तर तो पाळला गेला असता का, हे विचारा.

१८. मी संयोजक आहे. आमचा मार्ग रानाच्या कडेने जातो. काय करू?

आधी मार्ग बाहेर काढता येतो का पाहा. दहातल्या आठ वेळा येतो, फक्त एक देखणा कडा हुकतो. नाही आला तर वनविभागाला तारीख कळवू नका, तारीख विचारा. विणीचे दिवस, घरटी, ओला हंगाम त्यांना ठाऊक असतो. नोंदणीच्या अर्जातच लिहा की आदल्या दिवशीसुद्धा मार्ग बदलू शकतो किंवा स्पर्धा रद्द होऊ शकते, आणि त्या प्रसंगी पैसे परत मिळतील. ही एक ओळ लिहायची तुमची तयारी नसेल तर बाकीचे सगळे पर्यावरणपूरक फलक काढून टाका.

स्पर्धकांना थोड्या थोड्या जणांच्या लाटा करून सोडा, म्हणजे ओलांडताना गर्दी होणार नाही. अरुंद, दलदलीच्या तुकड्यांवर ओलांडायला बंदी आणि तिथली वेळ हिशेबातून वजा. सुरुवातीला बूट तपासा. रात्रीचा टप्पा नकोच; हेडटॉर्चची माळ निशाचरांसाठी अख्खी रात्र मोडते. खुणांच्या रिबिनी मोजून लावा आणि मोजून काढा. वर्षभरानंतर फांदीवर लटकणारी गुलाबी रिबीन मी इतक्या वेळा पाहिली आहे की आता सोबत पिशवी घेऊनच धावतो.

१९. मी नोंदणी करून बसलोय आणि आता कळलं की मार्ग गाभ्यातून जातो. माघार घेऊ का?

आधी संयोजकाला परवान्याची प्रत मागा. कुणी दिला, कोणत्या कारणासाठी आणि किती जणांसाठी, हे त्यावर असतं. प्रत मिळत नसेल, किंवा परवान्यावरच्या संख्येपेक्षा जास्त बिब विकले गेले असतील, तर माघार घ्या आणि वनविभागाला कळवा. परवाना खरा असेल तर निर्णय तुमचा. तुम्हाला दोष देणार नाही, पण मी स्वतः धावणार नाही.

२०. एकदाच, चाचणी म्हणून परवानगी द्यायला काय हरकत आहे? त्रास दिसला तर बंद करू.

‘एकदाच’ झालेली स्पर्धा दुसऱ्या वर्षी ‘परंपरागत’ होते, आणि मग तिला प्रश्न ११ मधला युक्तिवाद लागू करायचा प्रयत्न होतो. शिवाय ‘त्रास दिसला तर’ म्हणायला आधीची नोंद लागते. स्पर्धेआधी किमान दोन हंगाम त्या वाटेवर कोणते प्राणी, कोणत्या वेळी, किती, हे कॅमेरा ट्रॅपने (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याने) मोजलेलं नसेल तर नंतर कशाशी तुलना करणार? नोंद नसताना केलेली चाचणी नेहमी यशस्वीच होते.

तरीही कुठे चुकून परवानगी दिली गेली असेल आणि आता मागे घ्यायची असेल, तर उशीर झाला असं समजू नका. प्रश्न ५ मध्ये कोलोराडोच्या ज्या एल्क माद्यांबद्दल सांगितलं, त्यांची पुढची गोष्ट अशी: संशोधकांनी त्यांना उठवणं थांबवलं, पुढच्या वर्षांत पुन्हा मोजणी केली, आणि पिल्लांचं प्रमाण परत वर आलं होतं.